काळी, पांढरी आणि एक बुजवलेली विहीर

परवा धुळ्याहून काकांचा फोन आला. नेहमीसारखं "जेवला का" वगैरे काही नाही, थेट मुद्दा. "तुला सांगायची काय गरज होती?"

आमच्या घरातल्या बहुतेकांना विषय माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवपूरला, वलवाडीच्या बाजूला आमची जी जागा होती, अण्णांच्या आधीपासूनची, तिचा शेवटचा तुकडा आम्ही गेल्या महिन्यात विकला. ३००० चौरस फूट. भाव हजार रुपयांनी ठरला होता, म्हणजे ३० लाख. प्रत्यक्षात मिळाले २७ लाख ६० हजार. हे मधले २ लाख ४० हजार माझ्यामुळे गेले, कारण घेणाऱ्याला मी सांगितलं की या प्लॉटच्या कोपऱ्यात एक विहीर होती, ती बुजवली आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर जे काही झालं त्याबद्दल न बोललेलं बरं. तिथे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं यांच्या मधे कुणी पूर्ण वाक्य वाचत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. काका हे वाचतील, त्यांची सून त्यांना वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. काका, नमस्कार.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी उगाच हरिश्चंद्र बनतोय असं वाटेल.

२००५ साली मी जळगावात प्लॉट घेतला. पिंप्राळ्याच्या पुढे, तेव्हा तिकडे कापूसच होता. १८०० चौरस फूट, १ लाख ९८ हजार. घेताना आम्ही काय काय बघितलं? वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला. बिनशेतीचा आदेश बघितला. ले-आउटचा मंजूर नकाशा बघितला. रस्ता नऊ मीटरचा आहे का ते टेप लावून बघितलं. सासरेबुवांनी होकायंत्र आणलं होतं, त्यांनी पूर्व बघितली. पायाखाली काय आहे ते मात्र कुणीही बघितलं नाही! आणि बघायचं तरी काय, मे महिना होता, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या, आम्ही त्या ओलांडून ओलांडून चालत होतो. बायको म्हणालीसुद्धा, "किती फाटलीय हो जमीन." ले-आउटवाल्याचा माणूस हसून म्हणाला, "काही नही व्हस भाऊ, पाणी पडलं की मिटतात."

खरंच मिटतात. तोच तर सगळा घोळ आहे.

खोदकाम सुरू केलं तेव्हा आमच्या इंजिनिअरने सांगितलं की मुरूम लागेपर्यंत जायचं. चार फूट गेलो, काळी. सहा फूट, काळी. आठ फुटाला मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. अकराव्या फुटाला मुरूम लागला. पायाचा अंदाज ६० हजाराचा होता, तो १ लाख ४५ हजारावर गेला. कर्ज आधीच मंजूर झालेलं, बँक वाढवून देईना. वरच्या ८५ हजारांसाठी बायकोच्या पाटल्या गेल्या. लोक लांबलांबून जळगावला सोनं घ्यायला येतात, आम्ही गावातले असून विकायला गेलो.

शेजारच्या प्लॉटवाल्याने (आता इथे नसतात ते) चार फुटांवर थांबवलं होतं. त्यांचं घर माझ्या आधी झालं, स्वस्तात झालं, आणि वास्तुशांतीच्या जेवणात मला त्यांनी "तुमचा इंजिनिअर तुम्हाला बुडवतोय" असंही ऐकवलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरके तडे निघाले. पावसाळ्यात दारं लागायची नाहीत, उन्हाळ्यात कडी खाली यायची. कंपाउंडची भिंत तर दारू प्यायल्यासारखी झुकली. त्यांनी नंतर दुरुस्तीवर जे घातलं ते माझ्या ८५ हजारांच्या कितीतरी वर गेलं.

काळ्या मातीचं हे काम शास्त्रीयदृष्ट्या अगदी सरळ आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. दरवर्षी. घराच्या मधल्या भागाखाली ओल टिकून राहते, कडेची माती वाळते, म्हणजे घर एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली. प्रयोगशाळेत एक साधी चाचणी असते, वाळवून बारीक केलेली माती पाण्यात किती फुगते ते मोजायचं. ५० टक्क्यांच्या वर फुगली की इंजिनिअर लोक सावध होतात. यावर उपाय नाहीत असंही नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल कधीचे काढून ठेवले आहेत. आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मधे देऊन काळीला दाबून ठेवायची पद्धत बसवली. म्हणजे ज्ञान आहे. पैसेही लागतात, पण अफाट नाहीत. प्रश्न एवढाच, की ते कुणी द्यायचे?

आमच्या पूर्वजांनी हा प्रश्नच येऊ दिला नव्हता. जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरीवर घरं, काळीवर कापूस. काळीत कुणी घर बांधत नव्हतं. एक तर ती सोन्यासारखी जमीन वाया कोण घालवणार, आणि दुसरं म्हणजे तिच्यावर काही उभं राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता शहर वाढलं, पांढरी संपली. मग कलेक्टर कचेरीत एक आदेश निघतो आणि काळीची कागदावर पांढरी होते. मातीला तो आदेश कुणी वाचून दाखवत नाही.

आणि गंमत बघा. शेत म्हणून विकताना काळी जितकी खोल तितका भाव जास्त. घरासाठी विकताना काळी जितकी खोल तितका खर्च जास्त. म्हणजे ले-आउटवाला शेतकऱ्याला खोल काळीचे चढे पैसे देतो, ते आपल्याकडून वसूल करतो, आणि वर त्याच खोलीसाठी आपण मुरूम, सळई आणि सिमेंट घालतो. एकाच काळीचे आपण दोनदा पैसे देतो!

बरं, ही खोली कुणाला माहीत नसते असं म्हणावं, तर तेही खरं नाही. इंग्रजांच्या अमदानीत विंगेट-गोल्डस्मिडच्या पद्धतीने जमिनींची जी पहिली मोठी मोजणी झाली, तिच्यात शेताशेतात खड्डे घेऊन माती किती हात खोल आहे ते मोजलं होतं. रंग आणि खोली बघून आण्यांत प्रत लावायची आणि त्यावर सारा. आपल्या खानदेशात या मोजणीवरून १८५२ साली मोठा दंगा झाला होता, सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी उठले होते. सातबारावर आजही जो 'आकार' दिसतो त्याचं मूळ तिथपर्यंत जातं. म्हणजे सारा घ्यायचा होता तेव्हा सरकारने काळीची खोली हात घालून मोजली. आज रेडी रेकनरमध्ये प्लॉटच्या दराला विभाग आहे, रस्ता आहे, वापर आहे, पण खाली मुरूम किती फुटांवर आहे याचा रकाना नाही. आणि जिथे रकाना नाही तिथे भाव पडत नाही.

(सासरेबुवांच्या होकायंत्रावरून आठवलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जागेची एक परीक्षा दिली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा चांगली, पुरली नाही तर वाईट. वास्तुशास्त्रातलं हे एवढं कलम मात्र कुणी पाळत नाही, कारण त्यासाठी खणावं लागतं. ईशान्य कोपरा बसल्या जागी सांगता येतो.)

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो. काकांचं म्हणणं: "तुला कुणी सांगितलं होतं का पिंप्राळ्याला? नाही ना? तू भरलेस ना मुकाट? मग घेणाऱ्याने बघून घ्यावं. बाजाराचा नियम आहे."

काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. पिंप्राळ्याच्या काळीबद्दल मी कुणालाही दोष देऊ शकत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम आहे. मी वकील नाही, पण या निमित्ताने ते वाचून काढलं. वेगळा करार नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला महत्त्वाचा दोष सांगायला हवा, पण कोणता दोष? जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता असा. काळी माती तर माझ्या चपलेला लागली होती. भेगा मी ओलांडत होतो. दोन हजार रुपयांत जेसीबीवाल्याकडून एक खड्डा घेतला असता तर सगळं कळलं असतं. मी घेतला नाही, मी पैसे भरले. ठीक आहे.

पण विहीर? विहीर भेगा दाखवत नाही. ती १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी अजून खोल नेली, पुढे आटली, आणि १९८८ च्या सुमारास अण्णांनी आणि काकांनीच ती बुजवली. विटांचे तुकडे, राडारोडा, वरून काळी. आज तिथे गवत आहे. प्लॉटच्या उताऱ्यावर तिचा उल्लेख नाही. घेणाऱ्याने दहा ठिकाणी खड्डे घेतले असते आणि अकरावी जागा विहिरीची निघाली असती. हा दोष फक्त चार माणसांना माहीत होता, त्यातले अण्णा गेले. उरलो काका, आत्या आणि मी. असा दोष लपवला तर त्याला त्याच कलमात शेवटी कपट म्हटलं आहे. माझा शब्द नाही तो.

आणि घेणाऱ्याने विचारलं होतं. हे ग्रुपवर कुणी लक्षातच घेत नाहीये. तरुण जोडपं, दोघंही शिक्षक. टोकन द्यायला आले तेव्हा मुलगा सहज म्हणाला, "काका, बांधायला काही अडचण नाही ना खाली? नसेल असं धरून चालतो आम्ही." काका चहा ओतत होते. ते काही बोलले नाहीत.

१८७२ च्या करार कायद्यात यावर एक घोड्याचं उदाहरण आहे, आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत शोभावं असं. माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो गप्प बसतो. नुसतं गप्प बसणं हे कपट नाही. पण घेणारी त्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्याने सांगायला हवं. आणि तिसरं: घेणारा म्हणाला की "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. मी हे वाचलं आणि मला काकांचा चहा आठवला.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. खोटं का बोलू, रात्रभर विचार केला होता. सत्य वगैरे मोठ्या गोष्टींचा नाही. पाटल्यांचा. त्याच्या इंजिनिअरने नकाशा सरकवून आणि विहिरीवरून बीम नेऊन अडीच लाखांपर्यंतचा जादा खर्च काढला, घासाघीस होऊन २ लाख ४० हजार कमी झाले.

आता ज्या ठिकाणी मी चुकलो ते. पैसे माझ्या एकट्याचे नव्हते. तीन वाटे होते, प्रत्येकाचे ८० हजार गेले, आणि मी फोन करण्याआधी कुणाला विचारलं नाही. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या खिशातून प्रामाणिकपणा करणं सोपं असतं, असं बहीण म्हणाली, आणि ते मला लागलं, कारण ते खरं आहे. विचारलं असतं तर काका नाही म्हणाले असते, मग मी काय केलं असतं? फोन केलाच असता बहुतेक. पण विचारायला हवं होतं.

तरी "गेले" हा शब्द मला पटत नाही. ३० लाख हा विहीर नसलेल्या प्लॉटचा भाव होता. तसला प्लॉट आपल्याकडे नव्हताच. विहीर बुजवताना खालून दगड-मुरूम नीट ठोकून भरण्याचे पैसे १९८८ साली वाचवले, ते आत्ता द्यावे लागले, इतकंच. बुजवणाऱ्याने नाही तर कुणी द्यायचे?

आता जरा घराबाहेर येतो. एकट्या प्लॉटच्या घेणाऱ्याला आपण "बघून घे" म्हणतो, पण ऐंशी प्लॉटच्या ले-आउटवर ऐंशी माणसांनी वेगवेगळे खड्डे घ्यायचे यात काय शहाणपण आहे? ले-आउटवाल्याने चार कोपऱ्यांत आणि मधे एक अशी पाच बोअर घेतली, अहवाल केला आणि नकाशाला जोडला, तर प्रत्येक प्लॉटमागे तो खर्च त्याच्या जाहिरातीच्या फलकाहून कमी येईल. पाया घालायचा तो घर बांधणाऱ्यानेच, ते मान्य. पण किती खोल जायचंय हे आधी कळलं तर भाव ठरवताना बोलता येतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात अशीच फुगणारी माती आहे. तिथे कायदा आहे की नवीन घर विकणाऱ्या बिल्डरने व्यवहार पुरा होण्याच्या किमान १४ दिवस आधी माती तपासणीच्या अहवालाचा गोषवारा घेणाऱ्याला द्यायचा, आणि माती फार फुगणारी असेल तर तिची माहितीपुस्तिकाही. माझा जुना मित्र डेन्व्हरला आहे, त्याला वाटायचं भेगा पडणारी जमीन फक्त आपल्या चोपड्याची!

आपल्याकडे २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ पासून महारेरा सुरू झालं, मोठे ले-आउटही त्यात आले. चांगलं झालं. त्यात जमिनीच्या मालकीहक्कात खोट निघाली तर भरपाई मागायला मुदतीची आडकाठी नाही. बांधकामात दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं. पण नुसता प्लॉट घेऊन आपण स्वतः घर बांधलं आणि ते काळीने उचललं, तर बोट दाखवायला कुणी नाही. कागद खोटा निघाला तर दाद आहे. जमीन खोटी निघाली तर मिस्त्रीकडे बघायचं. मला विचाराल तर महारेराच्या नोंदणीत टायटलच्या रिपोर्टशेजारी मातीचा रिपोर्ट सक्तीचा करावा. जळगाव, धुळे, नंदुरबार एवढ्यापुरता केला तरी चालेल. बिल्डर भाव वाढवतील म्हणतात. वाढवू देत की. दहा हजार आधी दिलेले परवडतात, ८५ हजार खड्ड्यात उभं राहून ठरवण्यापेक्षा.

तर काका, हिशोब असा. आत्याचे ८० हजार मी माझ्या वाट्यातून भरून देणार आहे, तिला तसं कळवलंय. तुमचे देणार नाही. विहीर तुम्ही बुजवली होती आणि चहा तुम्ही ओतत होता. रागावलात तरी चालेल, दिवाळीला मी येणारच आहे.

गेल्या रविवारी त्या मुलाने फोटो पाठवला. जेसीबीने कोपरा उघडला आहे. आम्ही सांगितलेल्या जागेपासून विहीर सात फूट अलीकडे निघाली, म्हणजे बीमचा नकाशा परत बदलावा लागणार. काळ्या मातीत घडीव दगडांचा अर्धा गोल स्पष्ट दिसतोय. आत्याला दाखवला. तिने चष्मा वर केला, फोटो मोठा केला, आणि बोटाने एक कोपरा दाखवत म्हणाली, "ही थारोळ्याची बाजू. इथं आम्ही धुणं धुवायचो."